आज राज्य कोणावर? दोघांनी आळीपाळीने सिनेमा निवडून बघायचा तर

लहानपणी लपाछपीत ज्याच्यावर राज्य यायचं, त्याला भिंतीकडे तोंड करून आकडे मोजावे लागायचे आणि मग बाकीच्यांना शोधत हिंडावं लागायचं. नाव राज्य, पण काम सगळं त्याच्याच अंगावर. आमच्या घरी हाच शब्द सिनेमासाठी रुळला आहे. एकदा माझ्यावर राज्य, एकदा नवऱ्यावर. ज्याच्यावर राज्य त्याने सिनेमा निवडायचा, शोधायचा, लावायचा. दुसऱ्याने तो शेवटपर्यंत बघायचा आणि मग दोघांनी त्यावर बोलायचं. चार वर्षं झाली आम्हाला हे करताना.

रात्री जेवणं झाल्यावर रिमोट हातात घेऊन पाऊण तास पोस्टरं चाळायची आणि शेवटी काहीच न बघता दिवा मालवायचा, अशी सवय ज्या जोडप्यांना लागली आहे त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. आम्हीही तिथूनच आलो. भांडुपला वन बीएचके, हॉलमध्ये सासूबाई झोपतात, नवरा ठाण्याला कामाला आणि मी फोर्टला. सिनेमाचं शिक्षण दोघांचंही नाही आणि त्यावाचून काही अडलंही नाही.

वार आणि वेळ

सुरुवातीला आम्ही शुक्रवारची रात्र धरली होती, सगळेच धरतात तशी. पाच दिवस लोकलने ये-जा केलेला माणूस शुक्रवारी रात्री साडेनऊला गादीवर टेकला की वीस मिनिटांत त्याचे डोळे मिटतात. त्यात सिनेमाचा काही दोष नसतो. चार शुक्रवार असे गेल्यावर आम्ही शनिवारवर आलो. तुमची शनिवारी शिफ्ट असेल तर रविवारची दुपार घ्या, जेवून एक झोप काढून उठल्यावर, चारच्या सुमाराला. बघायचं ते एवढंच की सिनेमा संपल्यावर निदान अर्धा तास दोघंही जागे असतील. हा अर्धा तास आधी धरायचा आणि उरलेल्या वेळात किती लांबीचा सिनेमा बसतो ते नंतर ठरवायचं. आमच्याकडे पहाटे साडेपाचला पाणी येतं, म्हणजे बाराला आडवं व्हायलाच हवं. साडेनऊला सुरुवात केली तर सिनेमा दोन तासांच्या आतलाच लागतो.

हा हिशेब केल्यावर लक्षात येतं की मोठमोठे नावाजलेले सिनेमे लांबीला आटोपशीर असतात. ‘राशोमोन’ 88 मिनिटांचा आहे, ‘बायसिकल थीव्ह्ज’ 89, ‘ट्वेल्व्ह अँग्री मेन’ 96, आपला ‘द लंचबॉक्स’ 104. ‘सैराट’ मात्र 174 मिनिटांचा, तो सुट्टीच्या दिवशीच. लांब सिनेमा दोन रात्रींत बघायचाच असेल तर मध्यंतराला थांबा. आपल्याकडच्या बहुतेक सिनेमांची गोष्टच मध्यंतरापाशी एक वळण घेईल अशी बेतलेली असते, त्यामुळे तिथे थांबलं तर काही तुटत नाही. बाहेरच्या बहुतेक सिनेमांत अशी जागा ठेवलेली नसते. ते एका बैठकीतच बघावेत.

दर आठवड्याला एक, असा संकल्प करू नका. पंधरवड्याला एक धरा. वर्षाचे 26 होतात, प्रत्येकाच्या वाट्याला 13. संसारात तेवढे पुष्कळ झाले.

राज्याचे नियम

ज्याच्यावर राज्य त्याचा शब्द शेवटचा. ‘हा नको, दुसरा बघू’ हे वाक्य त्या दिवशी बंद. सुरुवातीला हे जड जातं, पण इथे सूट देऊ नका. समोरच्याकडून मंजुरी घ्यायची आहे हे एकदा डोक्यात बसलं की माणूस कोणालाच खटकणार नाही असा सिनेमा निवडतो आणि दोघंही, दोघांपैकी कोणालाच नको असलेला सिनेमा बघत बसतात. आमचे पहिले दोन महिने असेच गेले.

आता राज्य असणाऱ्याची कामं. गुरुवारी रात्रीपर्यंत नाव सांगायचं. आम्ही फ्रिजवर कागद लावतो, त्यावर नाव, भाषा आणि लांबी, बस. ट्रेलर दाखवायचा नाही, गोष्ट सांगायची नाही, ‘फार भारी आहे’ असंही म्हणायचं नाही. गुरुवार उलटला आणि नाव आलं नाही तर राज्य दुसऱ्याकडे जातं. त्यावर वाद नाही.

राज्य असणाऱ्याच्या शेवटच्या शब्दाला एकच अपवाद आहे, आणि तो पहिल्या सिनेमाच्या आधीच ठरवा. आम्ही तो एका चुकीनंतर ठरवला. त्या वर्षी माझे सासरे आजारपणात गेले. दोन-अडीच महिन्यांनी माझ्यावर राज्य आलं आणि मी ‘श्वास’ लावला. 2004 साली आलेला, राष्ट्रीय पुरस्कारांत सुवर्णकमळ मिळवलेला, ऑस्करसाठी भारतातर्फे गेलेला सिनेमा. मी तो कॉलेजात असताना बघून रडले होते आणि तो याला दाखवायची माझी फार दिवसांची इच्छा होती. नातवाच्या डोळ्यांसाठी पुण्याच्या हॉस्पिटलात आलेले आजोबा एवढंच माझ्या डोक्यात होतं. हॉस्पिटलचा पॅसेज पडद्यावर आला आणि नवरा उठून गॅलरीत गेला. मला वाटलं, कंटाळला. मी चिडून सिनेमा चालूच ठेवला. अर्ध्या तासाने पाणी प्यायला उठले तेव्हा तो अंधारात कठड्याला धरून उभा होता. वडिलांसाठी आयसीयूबाहेरच्या बाकड्यावर त्याने अकरा रात्री काढल्या होत्या, आणि मला ते त्या क्षणापर्यंत आठवलंही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघांनी आपापली ‘नकोच’ यादी केली. त्याच्या यादीत पहिली ओळ होती, ‘हॉस्पिटल. आत्ता नको.’ प्रत्येकाने जास्तीत जास्त तीन गोष्टी लिहायच्या, कारण विचारायचं नाही, आणि यादी केव्हाही बदलता येते. तीनच का, तर यादी लांबली की तीच नकार द्यायची पळवाट होते. वर्षभराने त्याने ती ओळ स्वतःच खोडली आणि आम्ही ‘श्वास’ पुन्हा, पहिल्यापासून बघितला.

निवडायचं काय

‘बघितलेच पाहिजेत असे शंभर सिनेमे’ छापाच्या याद्या सुरुवातीला बाजूला ठेवा. त्या वाईट नसतात, पण त्यांतून उचललेल्या सिनेमामागे तुमचं स्वतःचं कारण नसतं आणि बोलायला बसल्यावर ते जाणवतं. मी नवख्यांना एक सांगते: निवडताना मनाशी एक वाक्य पूर्ण करा, ‘हा मी तुला दाखवतो आहे, कारण...’ वाक्य पूर्ण झालं तर सिनेमा घ्या. कारण साधं चालतं. बाबांबरोबर बघितला होता. यातली आई माझ्या आत्यासारखी बोलते. मला बारावीत याने झोप येऊ दिली नव्हती.

पहिलाच सिनेमा कोणता, असं कोणी विचारलं तर मी ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ सुचवते. परेश मोकाशींचा, 2009चा. दादासाहेब फाळक्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ कसा केला त्याची गोष्ट. तो मूळ चित्रपट 3 मे 1913 रोजी गिरगावातल्या कोरोनेशनमध्ये लागला, म्हणजे ही आपल्याच गावातली हकिगत. पण जोडप्याने बघावा असं मी म्हणते ते सरस्वतीबाईंमुळे. नवरा घरातलं सामान विकून सिनेमाच्या मागे लागलेला आणि ही बाई त्याला अडवत तर नाहीच, उलट कामाला लागते. आम्ही दोघंही बाहेर आलो ते फाळक्यांपेक्षा तिच्याबद्दलच बोलत. हसत-खेळत जाणारा सिनेमा आहे, सासूबाईंनाही चालतो.

त्यापुढे मुंबईच धरून चालायला हरकत नाही. बसस्टॉपवर रोज दिसणाऱ्या मुलीशी बोलायचं धाडस न होणारा माणूस ‘छोटी सी बात’मध्ये (1976) भेटतो, चाळीतले शेजारी सई परांजप्यांच्या ‘कथा’मध्ये (1983), आणि ‘ऑल वी इमॅजिन अ‍ॅज लाइट’मध्ये (2024) या शहरात नर्सचं काम करणाऱ्या मल्याळी बायका. ओळखीची जागा पडद्यावर दिसली की ज्याला ‘सिनेमावर काय बोलायचं’ असा प्रश्न पडतो तोही आपोआप बोलू लागतो.

नवऱ्याने एकदा ‘घरौंदा’ निवडला, 1977चा, भीमसेन यांचा. अमोल पालेकर आणि झरीना वहाब, नोकरी करणारे दोघं, मुंबईत फ्लॅट घ्यायला पैपै जमवतात आणि ते पैसे बुडतात. आमच्या फ्लॅटचा ताबाही तेव्हा दोन वर्षं लांबला होता आणि घरी त्यावर बोलणंच बंद झालं होतं, कारण बोललं की भांडण. त्या सिनेमात पैसे गेल्यावर नायक नायिकेपुढे एक प्रस्ताव ठेवतो. काय ते सांगत नाही, बघा. पण तो ऐकल्यावर मी सिनेमा थांबवून त्याला विचारलं, “तू म्हणाला असतास का रे असं?” तो बराच वेळ गप्प बसला आणि म्हणाला, “तेव्हा जे वाटत होतं ना, ते मला तुला सांगताच आलं नव्हतं. म्हणून तर लावला.” त्या रात्री आम्ही हप्त्यांचा आणि भाड्याचा हिशेब वहीत मांडला, न भांडता.

सामान आणि शोधाशोध

निवडलेला सिनेमा कुठे आहे ते शनिवारी साडेनऊला शोधायचं नाही. ओटीटीवरचे सिनेमे येतात आणि जातात, महिन्यापूर्वी दिसलेला आज नसतो. त्यामुळे नाव फ्रिजवर लावायच्या आधीच तो चालू करून पाच मिनिटं बघा. आवाज येतो का, सबटायटल कोणत्या भाषेत आहेत, आणि ती सिनेमाशी जुळून चालतात का. मराठी सिनेमालाही सबटायटल लावून बघा एकदा, पंख्याच्या आवाजात गिळले जाणारे शब्द सापडतात. चोरून टाकलेल्या कॉपीच्या वाटेला जाऊ नका. चित्र आणि आवाज खराब असतोच, शिवाय ज्याच्या कामावर आपण तासभर बोलणार त्याचेच पैसे बुडवायचे हे बरोबर नाही.

घर लहान असेल आणि कोणी झोपलेलं असेल तर एका भोकातून दोन इअरफोन काढणारी वाय आकाराची वायर घ्या, स्टेशनबाहेरच्या मोबाइलच्या दुकानात मिळते. आम्ही अडीच वर्षं बेडरूममध्ये लॅपटॉप पोळपाटावर ठेवून असेच बघत होतो. टीव्हीला लॅपटॉप जोडायचा तर एचडीएमआय केबल पुरते.

कधीतरी राज्य घराबाहेरही न्यावं. प्रभात चित्र मंडळ ही मुंबईतली 1968 पासूनची फिल्म सोसायटी आहे, सभासदांना देशोदेशीचे सिनेमे दाखवते. पेडर रोडला फिल्म्स डिव्हिजनच्या आवारात 2019 पासून भारतीय सिनेमाचं राष्ट्रीय संग्रहालय आहे, तिथे अर्धा दिवस सहज जातो. आणि नवा मराठी सिनेमा आला की थिएटरातच बघा. पहिल्या आठवड्यात माणसं गेली नाहीत तर दुसऱ्या आठवड्यात त्याला धड वेळेचा खेळ मिळत नाही.

बघताना

फोन स्वयंपाकघराच्या ओट्यावर. दोघांचेही. आधी बघितलेल्याने ‘आता बघ काय होतं’ म्हणायचं नाही, आणि समोरच्याच्या चेहऱ्याकडे बघत बसायचं नाही. हे दुसरं मला फार कठीण गेलं. आपल्या आवडीच्या जागी तो हसतोय की नाही ते तपासत बसलं की दोघांचंही लक्ष उडतं. प्रत्येकाला एकदा थांबवायची मुभा. झोप लागली तर लागली. उरलेला दुसऱ्या दिवशी बघायचा आणि तोवर जागा राहिलेल्याने तोंड उघडायचं नाही.

बोलताना

सगळी खटपट ज्यासाठी आहे ते हे, म्हणून जरा सविस्तर सांगते.

सिनेमा संपला की पहिली दहा मिनिटं काहीच बोलू नका. आमच्याकडे मी चहा ठेवते, तो भांडी विसळतो. लगेच विचारलं ना, ‘कसा वाटला?’, तर उत्तर येतं, ‘चांगला होता’, आणि तिथेच विषय मिटतो. माणसाला आत काय उरलंय ते कळायला थोडा वेळ द्यावा लागतो.

मग ज्याच्यावर राज्य नाही त्याने आधी बोलायचं. निवडणाऱ्याने पहिली पाच-सात मिनिटं फक्त ऐकायचं, बचाव करायचा नाही. आणि या पहिल्या फेरीत ‘आवडला’, ‘नाही आवडला’, ‘मस्त’, ‘बोअर’ हे शब्द वापरायचे नाहीत. त्याऐवजी एकच प्रश्न: अजून डोळ्यांसमोर काय आहे? एखादं दृश्य, एखादी वस्तू, एखादा आवाज. तेवढं सापडलं की धागा हाती येतो.

उदाहरण देते. मी चैतन्य ताम्हाणेचा ‘कोर्ट’ लावला होता, 2014चा. एका लोकशाहिरावर खटला चालतो, तारखा पडत राहतात. कॅमेरा जवळजवळ हलतच नाही, एका जागी बसून बघत राहतो. नवरा मधे दोनदा घड्याळाकडे बघून गेला, माझ्या लक्षात आलं होतं. शेवटाकडे कोर्टाची खोली रिकामी होते, दिवे बंद होतात, पडदा काळा. हा उठला, चटई गुंडाळायला लागला. आणि सिनेमा पुन्हा सुरू झाला, न्यायाधीश सुट्टीवर गेलेले. तो चटई हातात घेऊन तसाच उभा राहिला.

चहा घेताना मी विचारलं, डोळ्यांसमोर काय आहे? मला वाटलं, तो अंधार म्हणेल. तो म्हणाला, “ती सरकारी वकील बाई. कोर्टातून निघते, लोकलने घरी जाते, स्वयंपाक करते. कोर्टात तिचा राग येत होता. घरी ती अगदी आपल्यासारखीच दिसली. मग राग करायचा कोणाचा?” मी हा सिनेमा तीनदा बघितला होता आणि माझं सगळं लक्ष शाहिराकडे होतं. त्यानंतर आम्ही साडेबारापर्यंत बोलत होतो. मग त्याने विचारलं, संपल्यासारखं करून पुन्हा का सुरू केला? यावर माझं म्हणणं वेगळं, त्याचं वेगळं, आणि अजून वेगळंच आहे.

बोलणं अडलं तर विचारायला काही प्रश्न हाताशी असू देत. या माणसाला नेमकं काय हवं होतं? आपल्याला हे कोणाच्या नजरेतून दाखवलं? संगीत कुठे थांबलं? सिनेमा इथेच का संपवला, दहा मिनिटं आधी संपला असता तर? सगळे विचारायचे नाहीत, एखादाच. परीक्षा घेतल्यासारखं वाटायला नको.

शेवटी निवडणाऱ्याने आपलं कारण सांगायचं, ते ‘तुला दाखवतो आहे, कारण...’ वालं वाक्य. ते शेवटी सांगण्यात मजा आहे, कारण तोवर दुसऱ्याने सिनेमा स्वतःच्या डोळ्यांनी बघितलेला असतो.

एक धोका आहे. सिनेमाबद्दल बोलता बोलता बोलणं घरावर येतं. ‘उंबरठा’ (1982) बघितला तेव्हा झालं. स्मिता पाटीलची सुलभा महिलाश्रमात काम करायला घर सोडून जाते. नवरा सहज म्हणाला, “मुलीचा तरी विचार करायला हवा होता.” मला त्याच महिन्यात नाशिकच्या शाखेत बढती मिळत होती आणि ती मी नाकारली होती. पुढे सुलभाचं नाव निघालंच नाही. अशा वेळी काय करायचं ते आम्ही नंतर ठरवलं: सिनेमांची नोंद ठेवतो त्या वहीच्या समासात ‘घर’ एवढं लिहायचं आणि सिनेमावर परत यायचं. रविवारी सकाळी भाजी आणायला जाताना त्या ‘घर’वर बोलायचं. मात्र नक्की बोलायचं, नाहीतर समास भरत जातो. बढतीबद्दल आम्ही असंच बाजारातून येताना बोललो, आणि पुढच्या वर्षी मी ती घेतली. दीड वर्ष शनिवार-रविवारी येत होते, तरी राज्य चुकलं नाही.

वही

साधी लांबट वही. तारीख, सिनेमा, राज्य कोणावर, आणि दोघांची एकेक ओळ. गुण देऊ नका. आम्ही दहापैकी गुण द्यायचो आणि बोलणं सिनेमावरून ‘माझ्या सिनेमाला चार?’ यावर घसरायचं. ओळच बरी. दोन वर्षांनी उघडून बघाल तेव्हा स्वतःचीच ओळ अनोळखी वाटेल.

गाडी अडली तर

एकाला मारामारीचे आवडतात, दुसऱ्याला संथ. हे बहुतेक घरांत असतं. दुसऱ्याची आवड सुधारायला जाऊ नका, तो तुमचा हेतू त्याला पहिल्याच वेळी कळतो. नवऱ्याने सलग तीनदा दाक्षिणात्य हाणामारीचे सिनेमे लावले तेव्हा मी वैतागले होते. तिसऱ्या वेळी मी त्यालाच विचारलं, यात तू काय बघतोस? त्याने एक मारामारी मागे नेऊन दाखवली. कॅमेरा कुठून शिरतो, तुकडा कुठे तोडलाय, खरा पडणारा माणूस कोणता. तेव्हापासून मला त्या बघता येतात.

गणपतीत, परीक्षांच्या दिवसांत, आजारपणात खंड पडेल. पडू द्या. कोणावर राज्य होतं ते वहीत असतंच.

आणि घरात तिसरं माणूस असेल तर त्याला फार दिवस बाहेर ठेवू नका. गेल्या पावसाळ्यात मी सासूबाईंना म्हटलं, “आई, या वेळी राज्य तुमच्यावर.” त्यांनी दोन दिवस घेतले आणि गुरुवारी संध्याकाळी फ्रिजवरच्या कागदावर स्वतःच्या अक्षरात लिहिलं, ‘कुंकू’. शांतारामबापूंचा, 1937चा. म्हाताऱ्या विधुराशी फसवून लग्न लावलेली मुलगी त्याला नवरा मानायला नकार देते. सिनेमाला पार्श्वसंगीत नाही, घरातले आवाज तेवढे ऐकू येतात. आम्ही तिघं हॉलमध्ये बसून बघितला, इअरफोनशिवाय.

संपल्यावर मी चहा ठेवला. नवरा म्हणाला, “आई, तुला यातलं काय आठवतंय?” त्यांनी कपात बघत मान हलवली. “मी नाही आधी बोलायचं. राज्य माझ्यावर होतं ना? तुम्ही बोला, मी ऐकते. कारण मी शेवटी सांगणार आहे.”